पाण्याच्या मागे, उलट्या वाटेने

हे मनन सावकाश वाचायचं आहे. डोळे मिटून बसायची गरज नाही. हे काम उघड्या डोळ्यांचंच आहे. बसल्या जागेवरून आपण एका उघड्या कोळसा खाणीच्या कडेकडेने चालणार आहोत. कोळसा निघतो तिकडे फिरकायचं नाही. शॉव्हेल, डम्परांची रांग, सुरुंगाआधी वाजणारा भोंगा, सगळं तिकडेच राहू द्या. आपल्याला पाहायचेत खाणीचे नाले, गाळ बसवायची तळी आणि खणून काढलेल्या मातीदगडाचे ढिगारे. या जागांमधून एक रुपयाही निघत नाही, म्हणून सहसा कोणाची पावलं इकडे वळत नाहीत.

ठिकाण वर्धा खोऱ्यातलं धरा. चंद्रपूर, घुग्घुस, माजरी, वणी, राजुरा या पट्ट्यातलं. इथल्या बहुतेक खाणी वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, पण आपल्याला नावाची खाण नको, पट्टा पुरे. वेळ पुष्य नक्षत्रातल्या सकाळची. पुष्याचा म्हातारा पाऊस रात्रभर कोसळून तासाभरापूर्वी उघडला आहे. पायात गमबूट, डोक्याला हेल्मेट, हातात काठी, खिशात टेप आणि एक वही.

वेळ मुद्दाम ही घेतली. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, इथला प्रत्येक नाला साफ वाटतो आणि प्रत्येक ढिगारा भक्कम. पावसाळ्यापूर्वीची पाहणी नियमानं करावी लागते, मृगाआधी नाले उपसावेच लागतात. पण पाण्यासाठी बांधलेली गोष्ट पाण्याशिवाय तपासली, तर तिच्याबद्दल अर्धंच कळतं.

वाटही उलटी घेऊ. पाणी ढिगाऱ्यावरून उतरतं, नाल्यात येतं, तळ्यात थांबतं आणि मग बाहेर जातं. आपण बाहेरून आत जायचं, खालून वर. खाली काही बिघडलेलं दिसलं तर त्याचं मूळ वर कुठेतरी असणार, आणि तिथवर नेणारी वाट पाण्यानं आधीच आखून ठेवलेली असते.

तर पहिली जागा. इथे खाणीचं पाणी खाणीचं राहत नाही. सिमेंटचा एक अरुंद पाट आहे, पाणी किती जातंय ते मोजण्यासाठी त्याच्या तोंडाशी खाच असलेली पट्टी बसवली आहे, आणि पलीकडे गावचा नाला, जो पुढे इरईला, वर्धेला किंवा पैनगंगेला मिळणार. उभे राहा. लगेच बाटली काढू नका. थोडा वेळ नुसतं पाहा.

पाट नाल्याला मिळतो त्याच्या वरच्या अंगाचं पाणी कसं आहे? खालच्या अंगाचं कसं? पुष्यात नाला गढूळ असणारच, काळ्या रानांमधून आलेला आहे. पण गढूळ आणि गढूळ सारखं नसतं. शेतातून आलेलं पाणी काळपट तपकिरी असतं, ढिगाऱ्यावरून आलेलं पिवळट राखी. कोळशाची भुकटी आली असेल तर काठच्या गवताला एका पातळीवर काळी रेघ दिसते. रात्री पाणी कुठवर चढलं होतं, हेही तीच रेघ सांगते. दोन्ही पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतात, मग मिसळतात. ते कुठे मिसळतात तिथवर नजरेनं जा.

कायद्यानं या जागेवर एक मर्यादा घातली आहे. २००० साली कोळसा खाणींसाठी जे निकष अधिसूचित झाले, त्यांनुसार ओढ्यानदीत सोडायच्या पाण्यात तरंगणारे घन कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत आणि सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा. आता बाटली भरा, चिठ्ठी लावा, तारीख आणि वेळ लिहा. प्रयोगशाळेचा आकडा येईल तेव्हा येईल. तो या एका क्षणाचा असेल, आणि पहाटे तीन वाजता इथून काय गेलं हे त्याला विचारून कळणार नाही. त्यासाठी गवतावरची रेघ.

आणि पाणी नितळ दिसलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. कोळशासोबत गंधकाची खनिजं असली तर हवा आणि पाणी लागून त्यांचं आम्ल होतं, आणि आम्लधर्मी पाणी काचेसारखं स्वच्छ असू शकतं. त्याची खूण तळाच्या दगडांवर शोधायची: गंजाचा नारिंगी लेप. आसामच्या माकुम भागात किंवा मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत ही मोठी दुखणी आहेत. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक तुलनेनं कमी. तरी दगड उलटून पाहायला किती वेळ लागतो?

निघण्याआधी मनानं थोडं खाली उतरा. या नाल्याच्या कडेला पुढे कोणाचं तरी सोयाबीन आहे, कोणाची कपाशी. त्याही पुढे नदीत ढिवरांची जाळी. चंद्रपुरात पूर शिरला की इरईकाठच्या ढिगाऱ्यांची चर्चा शहरात होतेच, म्हणजे तेही लोक या पाटाच्या खालच्या अंगालाच राहतात. आपण इथे उभे आहोत हे यांतल्या कोणालाही माहीत नाही. त्यांना मनात राहू द्या आणि वर चला.

गाळाचं तळं. कागदोपत्री याला सेडिमेंटेशन पाँड म्हणतात, खाणीत कोणी सेटलिंग टँक म्हणतं. काम एकच, पाण्याला थांबवणं. यात यंत्र नाही, जाळी नाही, चाळणी नाही. पाणी हळू झालं की माती आपल्या वजनानं खाली बसते, एवढ्याच भरवशावर ते खणलेलं आहे. काठावर बसा. इथे आपल्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे, कारण हे तळं वेळेवरच चालतं.

बारीक वाळूचा एक कण डोळ्यांसमोर आणा, ०.१ मिलिमीटरचा. स्थिर पाण्यात एक मीटर उतरायला तो साधारण दोन मिनिटं घेतो. दोन मिनिटं आपणही थांबू शकतो. थांबून पाहा; पुढची ओळ त्यानंतर वाचा.

झाली दोन मिनिटं? वाटली त्यापेक्षा मोठी निघाली असतील. आता त्याच्या दहाव्या हिश्श्याचा कण घ्या, ०.०१ मिलिमीटरचा, पोयट्याचा. तोच एक मीटर उतरायला त्याला तीन तास लागतात. आणि त्याच्याही दहाव्या हिश्श्याचा, चिकणमातीचा? जवळपास तेरा दिवस. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट वाढतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेलं हे गणित आहे, आणि खाणीच्या कोणत्याही वेळापत्रकाला ते जुमानत नाही. तेरा दिवस हा आदर्श हिशोब झाला. प्रत्यक्षात वारा सुटतो, पाणी ढवळतं, मागून नवं पाणी येऊन ढकलतं, आणि तो कण खाली पोचतच नाही. म्हणून काही ठिकाणी तुरटी टाकतात, म्हणजे बारीक कण एकमेकांना धरून जड होतात. विदर्भातल्या कोणत्याही घरात पावसाळ्याच्या पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या आजीला हे नव्यानं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते कारण ती अंदाजाच्या उलट निघते. तळं खोल केलं की गाळ जास्त बसेल, असं वाटतं. बारीक कण धरायला कामी येतो तो मुख्यतः तळ्याचा पसारा. ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद तळं, सगळं जमून आलं तर, सेकंदाला ९० लिटरपर्यंतच्या प्रवाहातून पोयट्याचा तो ०.०१ मिलिमीटरचा कण धरू शकतं. खोली लागते ती मुख्यतः साठलेल्या गाळाला जागा म्हणून. पण कंत्राटात घनमीटर मोजले जातात, त्यामुळे खोल, अरुंद खड्डे खणले जातात आणि सगळ्यांचं समाधान होतं.

आता पाहा. पाणी आत कुठून येतं आणि बाहेर कुठून जातं? दोन्ही तोंडं जवळ जवळ असतील, तर सबंध तळं झोपून राहील आणि पाणी एका कोपऱ्यातून कटून निघून जाईल. पानाचा तुकडा टाका आणि त्याच्या मागे नजर लावा. येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गाळाचं बेट तयार झालंय का? त्यावर गवत उगवलंय? मग उपसा बरेच दिवस झालेला नाही. तिथे बगळा उभा असेल तर पाण्याची खोली त्याच्या पायांवरून मोजा. बगळा जिथे उभा राहू शकतो, तिथे तळं उरलेलं नाही.

बांधाचा बाहेरचा उतारही बघून घ्या. घुशीचं बीळ, ओलसर पट्टा, एकाच जागी जास्त हिरवं असलेलं गवत. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पावसानंतर सगळंच ओलं असतं, म्हणून इथे दुपारी पुन्हा यायचं. सगळं वाळल्यावर जे ओलं राहील ते आतून येतंय.

नाल्याकडे चला. ढिगाऱ्याच्या आणि खाणीच्या भोवती फिरलेला हा नाला, गारलँड ड्रेन. बाहेरचं पाणी खाणीत येऊ नये आणि ढिगाऱ्याचं पाणी वाट फुटेल तिकडे जाऊ नये, म्हणून. याच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, फक्त सबंध चालून जायला हवं, आणि तेच सहसा होत नाही. जीप जिथवर जाते तिथवरच पाहणी होते. बिघाड बहुतेक जीपच्या वाटेवरच असतो, हा त्यातला विनोद: डम्पर जावा म्हणून नाल्यावर मुरूम टाकून रस्ता केलेला असतो, खाली एकच पाइप, आणि पाइपात झुडपं. वळणांवर थांबा. बाहेरच्या काठावरून पाणी उडी मारून गेल्याच्या खुणा असतील, गवत आडवं पडलेलं असेल. मनातल्या मनात एक हिशोब करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. दहा हेक्टरच्या ढिगाऱ्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर पन्नास लाख लिटर. त्यातलं काही मुरेल. बाकीचं या समोरच्या नाल्यातून जायला हवं, याच रुंदीतून, याच पाइपातून. ते जात असल्याचं चित्र डोळ्यांसमोर येत नसेल, तर ते जाणारही नाही.

आता मान वर करा. ढिगारा.

खाणीतले लोक याला ओबी म्हणतात, कोळशावरचा भार. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर वालुकाश्म, शेल, मुरूम, माती काढून टाकावी लागते, आणि जमिनीतून बाहेर आलेला दगड फुगतो, खड्ड्यात होता त्याहून जास्त जागा मागतो. म्हणून सपाट मुलखात डोंगर उभे राहिले आहेत. गाडीतून जाताना अनोळखी माणूस त्यांना टेकड्याच समजतो. पण टेकडीला बसायला लाखो वर्षं मिळालेली असतात. पाणी कुठून मुरायचं, कुठून पाझरायचं, हे तिथे ठरून गेलेलं असतं. ढिगाऱ्याचं अजून काहीच ठरलेलं नाही. नियम सांगतो की सुट्या मातीचा उतार ३७.५ अंशांपेक्षा उभा नको, आणि उंची ३० मीटरच्या पुढे गेली की टप्पे पाडायचे. हे नियम चांगलेच आहेत. ते ढिगाऱ्याच्या आकाराबद्दल बोलतात. आपल्याला आधी त्याच्या पायाशी जायचं आहे.

पायथ्याला दगडी भिंत, टो वॉल. तिला ओळीनं भोकं ठेवलेली असतात, मागचं पाणी बाहेर पडायला. प्रत्येक भोकापाशी थांबा. रात्रभर पाऊस पडलाय, तेव्हा भोकांतून पाणी ठिबकत असेल तर बरं. स्वच्छ ठिबकत असेल तर फारच बरं. गढूळ येत असेल तर आतली माती वाहतेय. आणि भोक अगदी कोरडं असेल तर? पाहणी करणारा नवखा माणूस इथून समाधानानं पुढे जातो. मला कोरड्या भोकाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. इतकं पाणी आत गेलं, ते बाहेर आलं नाही, मग ते कुठे आहे?

हा प्रश्न घेऊन खाली बसा आणि भिंतीबाहेरच्या जमिनीला हात लावा. काळी माती. या मातीनं या भागाला कापूस दिला. उन्हाळ्यात तिला इतक्या भेगा पडतात की पाय आत जाईल, आणि पावसात ती फुगते, भेगा मिटवते, पायाला मणभर चिकटते. शेतकऱ्याला हे सारं माहीत असतं. ओल्या काळ्या रानात बैलसुद्धा तो जपून घालतो. हीच माती न काढता तिच्यावर ढिगारा रचला, तर ओल्या साबणावर परात ठेवल्यासारखं होतं. वरचा दगड कितीही चांगला असो, घसरायचं ते खालून. वर्धा खोऱ्यातल्या ढिगाऱ्यांचं दुखणं अनेकदा तिथे सापडतं, अगदी तळाशी, आता कोणाला दिसणार नाही अशा जागी. म्हणून आधी काळी माती खरवडून वेगळी ठेवायची असते. पुढे तीच वर पसरून झाडं लावता येतात. ती खरंच काढली होती का, हे आता ढिगाऱ्याला विचारता येत नाही. पायथ्याबाहेरची जमीन मात्र थोडं बोलते. ती फुगून वर आलीय का? नाला अरुंद झालाय का? विजेचा खांब कलला आहे का, कुंपणाची तार एका ठिकाणी सैल आणि एका ठिकाणी ताणलेली आहे का? ढिगारा सरकायला लागतो तेव्हा पहिली खबर बहुतेक अशा किरकोळ वस्तूंकडून येते.

इथे, पायथ्याशी बसलेले असतानाच, वेल्समधल्या ॲबरफॅन या खाणगावाची आठवण केली पाहिजे. डोंगरावर, गावाच्या अगदी वर, कोळसा खाणीच्या टाकाऊ मातीचा सातव्या क्रमांकाचा ढिगारा १९५८ पासून रचला जात होता. त्याच्याखाली झरा होता. तो गुप्त नव्हता. नकाशांमध्ये छापलेला होता. खालच्या शाळेला धोका असल्याची पत्रं स्थानिक परिषदेकडून १९६३ मध्ये गेली होती. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी कामगार वर पोचले, तेव्हा माथा सुमारे तीन मीटर खचलेला त्यांना दिसला. वर ऊन होतं. खाली दरीत धुकं इतकं दाट की गाव दिसत नव्हतं. टेलिफोनची तार वारंवार चोरीला जायची, म्हणून निरोप द्यायला एक माणूस पायी खाली गेला. सव्वानऊच्या सुमाराला ढिगारा सुटला. सुमारे ४०,००० घनमीटर काळा चिखल गावात उतरला, पॅन्टग्लास शाळेवर. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं होती. ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा ब्रिटनमध्ये त्यानंतर, १९६९ मध्ये झाला.

या ठिकाणी थांबा. कोणाला दोष द्यायची घाई करू नका, तो चौकशीनं दिलेला आहे. फक्त त्या नकाशावरच्या झऱ्याकडे पाहा, एक बारीक निळी रेघ. ढिगारा रचणाऱ्यांनी तो पाहिला असेल, ओलांडला असेल, त्याचं पाणीही प्याले असतील. झाकला की झरा संपतो, असं वाटणं किती सोपं आहे. आपल्या ढिगाऱ्याखाली कोणता ओढा होता? जुन्या गाव नकाशावर तो असेल. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला तर नक्कीच माहीत असेल. विचारलं कोणी?

आणखी एक दिवस: २६ फेब्रुवारी १९७२, अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया, बफेलो क्रीकची दरी. कोळशाच्या टाकाऊ मालाचाच बांध घालून अडवलेलं काळं पाणी पावसात बांध फोडून सुटलं आणि १२५ माणसं गेली. चारच दिवसांपूर्वी सरकारी निरीक्षकानं त्या बांधाला समाधानकारक असा शेरा दिला होता. आपल्या हातातली वही उघडा. तिच्यात रकाने आहेत, आणि प्रत्येक रकान्यात ‘ठीक’ असं लिहायला हात शिवशिवतो. पाहून लिहिलेलं ठीक आणि न पाहता लिहिलेलं ठीक कागदावर अगदी सारखं दिसतं. म्हणून मला वाटतं, रकान्यात ठीकच्या जागी जे दिसलं ते लिहावं: तिसरं भोक कोरडं, पाचवं गढूळ. असं वाक्य बसल्या जागेवरून लिहिता येत नाही.

आता चढा. सरळ नको, टप्प्याटप्प्यानं, श्वास लागू न देता. उतारावर पावसानं पाडलेल्या घळी दिसतील. बोटभर घळी स्वाभाविक आहेत, गुडघाभर घळी म्हणजे वरून पाणी एकाच जागी येतंय. कुठे सुबाभळी लावलेल्या असतील. अहवालातल्या फोटोत त्या छान दिसतात, पण दोन झाडांमधली उघडी माती वाहत असेल तर मला आधी गवत पाहायला आवडेल. एखाद्या ठिकाणी जमिनीतून वाफ येत असेल, वास येत असेल. मातीत मिसळून गेलेला कोळसा आतल्या आत तापतो. ती जागा नोंदवा, तिच्यावर पाय देऊ नका.

माथा सपाट आहे, आणि मधोमध पाणी साचलं आहे. आभाळ त्यात दिसतं, पण त्याकडे बघत राहू नका. हे साचलेलं पाणी खाली जाणार, आणि खालच्या कोरड्या भोकाच्या मागे जे काय भरलं आहे त्यात भर घालणार. कडेकडेनं चाला, काठापासून चार पावलं आत राहून. काठाला समांतर, गवतात लपलेली एखादी फट शोधा.

सापडली. बोटभर रुंद, दहा-बारा पावलं लांब, थोडी वाकलेली. पावसानं कडा गोलावलेल्या नाहीत, म्हणजे ताजी आहे. खाली वाकून दोन्ही बाजूंची पातळी पाहा: काठाकडची बाजू नखभर खाली आहे का? फटीच्या अलीकडे एक खुंटी ठोका, पलीकडे हात लांबवून दुसरी. टेपनं दोन्हींमधलं अंतर घ्या, मिलिमीटरपर्यंत. वहीत तारीख, वेळ, अंतर. हाच आकडा संध्याकाळी पुन्हा घ्यायचा आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा. पण ढिगाऱ्याखालच्या रस्त्यावरून डम्पर आत्ता चालले आहेत, तेव्हा खिशातला फोन काढा आणि तो रस्ता बंद करायला सांगा. खाली उतरल्यावर नाही, इथूनच.